टाचेखालची दोन बोटं



व्यासपीठावर पायताण आणलं म्हणून आधी क्षमा मागतो. टेबलावर बुटांचे दोन जोड आहेत, दोन्ही धुऊन आणले आहेत. कंपनी एक, मॉडेल एक, माप एक. एक जोड गेल्या आठवड्यात घेतलेला, दुसऱ्यावर माझे सातशे किलोमीटर झालेले. रोज धावायला मऊ तळाचा बूट घ्यायचा तर तो पारखायचा कसा, हा आजचा विषय. त्याचं बरंचसं उत्तर या दोन जोडांमधल्या फरकात आहे.

पण सुरुवात अनवाणी पायांपासून करतो, कारण ती गोष्ट आपल्या पुण्यातली आहे. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. धावायला उतरलेली बरीचशी मुलं शेतकऱ्यांच्या घरातली. पायात काही नाही, पद्धतशीर तालीम नाही, आणि तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणारी. टाटांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. 42.75 किलोमीटरची ती मॅरेथॉन त्यांनी 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले.

ही हकीकत सांगितली की हमखास प्रश्न येतो: ती मुलं अनवाणी पळाली, मग आपल्याला हे गुबगुबीत बूट कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या मुलांचे तळवे आणि पोटऱ्या ढेकळांत आणि बांधावर घडल्या होत्या. आपण दिवसभर खुर्चीत, येता-जाता दुचाकीवर, आणि चाळिशी उलटल्यावर एका सकाळी एकदम सिमेंटच्या रस्त्यावर. 2009 मध्ये ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं आणि जगभर अनवाणी धावण्याची लाट उसळली. घाईने बूट टाकून दिलेल्या कितीतरी जणांच्या पोटऱ्या आणि चवड्याची हाडं दुखावली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये दोघांनी डोंगर वेगाने उतरता यावा म्हणून जाडजूड तळाचे बूट काढले. तेच ‘होका’. आज पहाटे सारसबागेसमोर किंवा विद्यापीठाच्या आवारात उभे राहा, जाड तळ सगळ्यांच्याच पायात दिसतील.

आता हिशेब मांडू. सावकाश धावणारा माणूस मिनिटाला साधारण 165 ते 170 पावलं टाकतो. पाच किलोमीटरला साडेपाच हजार पावलं होतात. प्रत्येक पावलाला वजनाच्या सुमारे अडीच पट भार एका पायावर येतो. सत्तर किलोच्या माणसाला तो पावणेदोनशे किलो. बुटाचा मऊ थर हा भार नाहीसा करत नाही. तो अंगावर येण्याचा वेग कमी करतो आणि तळव्याच्या जास्त भागावर पसरवतो, एवढंच. शिवाय शरीर आपलं काम करतंच. जमीन मऊ लागली की गुडघा-घोटा आपोआप ताठ होतो, कडक लागली की जास्त दुमडतो. म्हणून दुप्पट मऊ बूट घेतला की पाय निम्मेच दुखतील, असं होत नाही.

मग मऊपणाचा उपयोगच नाही का? आहे. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक हौशी धावकांना सारखेच दिसणारे, पण काहींना मऊ आणि काहींना कडक बूट देऊन सहा महिने पाहिलं गेलं. कडक बूटवाल्यांच्यात दुखापती जास्त निघाल्या. नवल म्हणजे मऊपणाचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांना झाला. जड माणसांत तो तसा दिसला नाही. आपल्या दुकानांत मात्र वजनदार गिऱ्हाइकाला हटकून सगळ्यात मऊ बूट दाखवतात.

दुकानातली परीक्षाही अंगठ्याने होते. टाचेत अंगठा दाबायचा आणि म्हणायचं, ‘काय मऊ आहे!’ अंगठ्याचा जोर किती आणि पावणेदोनशे किलो किती? त्यापेक्षा असं करा: दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. धावतानाचेच मोजे घाला. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग बूट घालून एका पायावर उभे राहा आणि गुडघा हळूच वाकवा. टाच आत किंवा बाहेर कलंडत असेल, तर तो बूट तिथेच ठेवा.

हे मी वेताळ टेकडीवर शिकलो. फार मऊ, फार उंच तळाचा एक जोड हौसेने घेतला होता. दोन आठवडे लॉ कॉलेज रस्त्यावर त्याने स्वर्गसुख दिलं. तिसऱ्या रविवारी टेकडी उतरताना मुरमावरच्या एका सुट्या दगडावर पाय पडला. तळ एका बाजूने दबला आणि घोटा मुरगळला. दीड महिना धावणं बंद. बूट वाईट नव्हता. उंच तळाला रुंद बैठक लागते, ती त्याला नव्हती, आणि मी ती पाहिली नव्हती. आता बूट उलटा करून आधी टाचेची रुंदी बघतो, मग मऊपणा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ‘ड्रॉप’ म्हणतात, तोही विचारा. दहा मिलिमीटरची सवय असताना एकदम चारवर आलात, तर पोटरी आणि टाचेमागची शीर बोलू लागते. वजनही बघा. एका बुटात शंभर ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो. रोजच्या सावकाश धावण्याला ते चालतं, पण पावसाळ्यात भिजलेला जाड बूट पायात लोढण्यासारखा होतो. तो उन्हात किंवा गिझरजवळ ठेवू नका. आतला तळवा काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आणि डिसेंबरच्या पहाटे नवा बूट कडक लागला तर लगेच नावं ठेवू नका. साधा फोम थंडीत कडक होतो. दोन किलोमीटर जाऊ द्या.

आता हे दोन जोड. जुन्याचा खालचा रबरी तळ बघा, नक्षी अजून शाबूत आहे. म्हणूनच मीही तो आणखी दोन महिने वापरला असता. पण डोळ्यांच्या पातळीवर धरून टाचेची बाजू पाहा: फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत, बाहेरच्या अंगाला जास्त. नव्याच्या टाचेखालच्या फोमच्या जाडीत माझी दोन आडवी बोटं बरोबर मावतात. जुन्याच्या त्याच जागी दुसरं बोट अर्धं बाहेर राहतं. माझ्या वहीत 640 किलोमीटरच्या सुमाराला तीन दिवस ‘नडगी जड’ असं लिहिलेलं आहे. सुरकुत्या मला त्यानंतर दिसल्या.

व्याख्यान संपल्यावर जोड इथेच राहतील. ज्यांना हवं त्यांनी वर यावं, जुना एका पायात आणि नवा दुसऱ्या पायात घालावा, आणि या पायऱ्या दोनदा उतरून पाहाव्यात. माप नऊ आहे.