काँट्रीची वही

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. मागच्या भागात बोलण्याच्या ओघात माझ्या कॉलेजचं नाव निघालं आणि त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "अरे, पण तिथे चार वर्षं तुम्ही करत काय होता?"

तर मी लोणेऱ्याचा. म्हणजे घर नाशिकला, पण २०१५ ते २०१९ ही चार वर्षं काढली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, लोणेरे, जिल्हा रायगड. विद्यापीठ १९८९ सालचं. मुंबई-गोवा हायवेवर माणगाव सोडलं की महाडच्या आधी लागतं. जवळच गोरेगाव आहे, आणि स्टेशनचं नाव गोरेगाव रोड. त्यामुळे माझी मावशी चारही वर्षं समजत होती की मी मुंबईत वेस्टर्न लाईनवर शिकतोय. दर दिवाळीला विचारायची, "लोकलला गर्दी असते का रे फार?" शेवटी मीही "हो, असते" म्हणायला लागलो.

इथे मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, कॅफे नाही. एक हायवे, त्याच्या कडेला टपऱ्या आणि ढाबे, मागे डोंगर, आणि जूनपासून असा पाऊस की मोजे सप्टेंबरपर्यंत वाळत नाहीत. (खोटं वाटेल, पण आमच्या रूममध्ये एका बुटात खरंच मशरूम उगवलं होतं. आम्ही त्याला नाव ठेवलं होतं.) मग करायचं काय? टेनिस बॉल क्रिकेट. लॅनवर काउंटर-स्ट्राइक. एकाच्या हार्ड डिस्कमधले पिक्चर सगळ्या मजल्याने बघायचे. गणपतीत नाच, २०१६ ला अर्थातच 'झिंगाट'. आणि रात्री साडेबाराला कुणीतरी म्हणायचं, "चहा?" की दहाजण चप्पल घालून हायवेकडे.

हे सगळं जवळजवळ फुकट. पण शनिवार-रविवार आला की बाहेर पडायचं असायचं, आणि बाहेर पडायचं म्हणजे काँट्री.

काँट्री म्हणजे वर्गणी, हे सांगायला नको. आमच्या विंगची काँट्रीची वही माझ्याकडे होती. मला कुणी नेमलं नव्हतं. पहिल्या सहलीला मी हिशेब चोख केला, मिनीडोरचे पैसे, थाळीचे पैसे, कोण किती देणं, सगळं रेघा मारून. तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. शेवटच्या ओळीला दोन्ही बाजू जुळल्या की जे समाधान मिळतं, त्यासाठीच मी पुढे कोड लिहायला लागलो असेन.

होस्टेलला माणसाला नाव नसतं, जिल्हा असतो. मी नाशिक. समोरच्या रूममध्ये लातूर. बारीक, उंच, कॅरममध्ये कुणाला न ऐकणारा. त्याच्या घरी सोयाबीन आणि तूर. आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हाच, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आठवत असेल तुम्हाला. आमच्याकडे त्याचे जोक झाले. "लातूर, तुझं पाणी आलं रे, प्लॅटफॉर्म कितीवर?" तोही हसायचा. ज्या घरी पिण्याचं पाणी रेल्वेने येतंय तिथे सोयाबीनचं काय झालं असेल, हा पुढचा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नाही. सगळे इंजिनिअर होणार होतो, आणि एवढं सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षाची सुरुवात वाईट झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या पाण्यात गेल्या. सकाळी होस्टेलमध्ये प्रत्येकाच्या फोनवर घरचे होते. आम्हीही त्याच रस्त्याने जा-ये करणारे. त्यानंतर बरेच महिने घरून ताकीद होती, महाडच्या बाजूला जायचं नाही. मग विंगच्या सहली वळल्या समुद्राकडे, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. आता रायगडावर जायला भाकरी बांधून घेतली तरी चालतं, पण दिवेआगरला जाऊन सुरमईची थाळी न खाता परत येणाऱ्याला आमच्यात माणूस समजत नसत. काँट्री सत्तर-ऐंशीची होती, ती तीनशेवर गेली. कुणी ठरवून वाढवली नाही. वाढत गेली.

लातूरचं पोट त्याच सुमारास बिघडायला लागलं. शनिवारी सकाळी सगळे तयार होत असताना तो पांघरूण घेऊन पडलेला असायचा. "पोट बिघडलंय बघ. तुम्ही या जाऊन." दोनदा मी त्याला ओआरएसचं पाकीट आणून दिलं. त्याने ते घेतलंही.

मग ८ नोव्हेंबर आली. पाचशे-हजारच्या नोटा बंद. माणगावच्या एटीएमची रांग बघून आम्ही तसेच परत यायचो, आणि मिळाली तर दोन हजाराची गुलाबी नोट, जिचे सुट्टे अख्ख्या हायवेवर कुणाकडे नाहीत. टपरीवाल्या काकांनी सगळ्यांना उधार दिलं, आणि वहीत पहिल्यांदाच सगळे देणेकरी झाले, मीसुद्धा. गंमत म्हणजे त्या दोन महिन्यांत लातूर प्रत्येक ठिकाणी आला. खिसे सगळ्यांचेच रिकामे होते ना. हे मला आत्ता कळतंय, तेव्हा मला वाटलं पोट बरं झालं.

जानेवारीत पैसे फिरायला लागले. मी वही काढली, आकडे टाइप केले आणि विंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली. कुणाचे किती बाकी, मोठ्यापासून लहान क्रमाने. आठ दिवसांत एकेक नाव उडत गेलं. मी दर दोन दिवसांनी सुधारलेली यादी टाकायचो, शेवटी त्यात एकच ओळ राहिली. लातूर, ६४० रुपये. मी ती एका ओळीची यादीही टाकली. खाली हसण्याच्या इमोजीसह कुणीतरी लिहिलं, "मालगाडी लेट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या रूमवर आला. दहा-वीसच्या नोटा, काही नाणी, टेबलावर ठेवली. "मोजून घे." मी मोजून घेतले. हो, मी खरंच मोजून घेतले. वहीत त्याच्या नावावर रेघ मारली आणि मला बरं वाटलं, कारण हिशेब जुळला होता. त्यानंतर त्याला मी कॅरमच्या बोर्डाजवळही पाहिलं नाही.

२० मार्चला आमच्या होस्टेलची बरीच मुलं महाडला जायची. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी हजारो लोकांसोबत चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. २०१७ हे नव्वदावं वर्ष होतं, मीही गेलो. गर्दीत निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, कुठून कुठून आलेल्या म्हाताऱ्या आया. उन्हात फिरून भूक लागली होती आणि एका मांडवात लोकांना जेवण वाढत होते, तिथल्या रांगेत उभा राहिलो. वाढणाऱ्यांत लातूर होता. मुंडासं बांधलेलं, हातात मोठा डाव. मला बघून तो थांबला नाही. भात वाढला, वर भाजी वाढली. मी पत्रावळ मागे घेतली तर म्हणाला, "अजून घे की. लाजतो कशाला?" मागची रांग ढकलत होती, मी पुढे सरकलो.

त्या रांगेत माझ्यापुढे किती जण होते, कुणी काय दिलं, कुणाकडेच वही नव्हती.

तिसऱ्या वर्षी मी हिशेब ठेवायचं सोडलं. त्याऐवजी बोर्नव्हिटाचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. ज्याला जे जमेल ते टाकायचं, कुणी बघायचं नाही, आणि जेवढे जमतील तेवढ्यात जिथे जाता येईल तिथे जायचं. ही काही ग्रेट आयडिया नव्हती हां. दोनदा आमची सहल माणगाव एसटी स्टँडच्या पुढे गेली नाही, वडापाव खाऊन परत. एक पल्सरवाला वर्षभर डब्यात काही टाकत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गिळून बसले. एकदा आम्ही चौघांनी पदरचे घालून मिनीडोरवाल्याला वाटेला लावलं. दिवेआगर बंदच झालं. विंगमध्ये कुरकुर होती, आणि ती चुकीची होती असंही नाही.

लातूर पहिल्या चार वेळा आला नाही. पाचव्या वेळी रायगड ठरला. पाचाडपर्यंत गाडीचं भाडं, पुढे पायी. रोपवेचं नाव कुणी काढायचं नाही असं ठरलं. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि निम्म्यातच नाशिकची हवा निघाली. लातूर मात्र पुढे, पाठीवर सॅक. होळीच्या माळावर बसलो तेव्हा त्याने सॅक उघडली. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. घरून आलेली, सगळ्यांना पुरेल एवढी. यादीबद्दल तो काही बोलला नाही. मीही "सॉरी" म्हणालो नाही, शब्द तोंडापर्यंत आला आणि मी चटणी मागितली.

हे सगळं आत्ताच का आठवलं? गेल्या महिन्यात आमच्या टीमची लोणावळ्याची ट्रिप ठरली. आता वही नाही, ॲप आहे. ते आपोआप भाग पाडतं आणि आपोआप आठवणही करून देतं, सगळ्यांसमोर. टीममध्ये एक नवीन मुलगा आहे, दोन महिने झाले लागून. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला: पोट बिघडलंय, मी नाही येत. मी बराच वेळ तो मेसेज बघत बसलो. मग त्याला फोन केला आणि कामाचंच काहीतरी बोललो. नीट कसं विचारायचं ते मला अजून जमत नाही. सोमवारी मॅनेजरशी बोललो. पुढच्या ट्रिपचा खर्च पगाराच्या हिशेबाने वाटून घ्यायचा, आणि ॲप नाही. ती म्हणाली, बघू.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी लातूरला फोन केला. तो आता हैदराबादला असतो, एक मुलगी आहे त्याला. म्हटलं, तुझी ही गोष्ट सांगू का? नाव घेणार नाही. आणि त्या यादीचं... ते मी करायला नको होतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सांग की. पण ६४० नव्हते रे, ६१० होते. तू तीस रुपये जास्त घेतलेस माझ्याकडून."

वही माझ्याकडे अजून आहे, नाशिकच्या घरी माळ्यावर. दिवाळीत गेलो की काढून बघतो.