आठ जणी गेल्या, तिघी राहिल्या

(भाजे येथे झालेल्या प्रभाग संघाच्या महिला मेळाव्यातील भाषण)

सगळ्या ताई, मावशी, वहिनी आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरींनो,

मला विषय दिलाय मुली आणि खेळ. आत्ता हप्त्यांचं आणि थकबाकीचं बोलणं झालं, त्यात हा खेळ कुठून आला, असं काही जणींच्या तोंडावर दिसतंय. पण विषय पैशाचाच आहे. फिरून तिथंच येणार आहे मी.

आपल्यातल्या खो-खो किती जणी खेळल्यात? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले, आणि त्यात साठीच्या पुढच्याही आहेत. हा खेळ आपल्याच मातीतला. त्याचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास बांधले. मळवलीहून लोकल धरली तर आपण दीडेक तासात तिथं पोचतो, इतकं ते जवळ. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला मात्र 1960-61 साल उजाडलं. ती कोल्हापूरला झाली. आणि पहिला विश्वचषक व्हायला 2025 चा जानेवारी.

तो दिल्लीत झाला. महिलांचे 19 देशांचे संघ आले होते. आपल्या संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे. मूळ बीड जिल्ह्यातली, वाढली आणि खेळली आपल्या पुण्याकडे. अश्विनी शिंदे, रेश्मा राठोड अशा महाराष्ट्राच्या आणखीही मुली संघात होत्या. पहिल्या सामन्यात आपण दक्षिण कोरियाला 175-18 असं हरवलं. मग इराण, मलेशिया. पुढे बांगलादेशला 109-16 आणि दक्षिण आफ्रिकेला 66-16. आकडे ऐकून वाटेल, समोर कोणी होतंच की नाही? खरं सांगायचं तर बरेच देश नवखे होते. आपण नातवंडांना लंगडी शिकवावी तशातली गोष्ट. पण 19 जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळच्या पोरी काही नवख्या नव्हत्या.

त्या स्पर्धेत सात-सात मिनिटांचे चार डाव असायचे. एक गडी बाद केला की दोन गुण. पहिल्या डावात आपण पाठलाग केला आणि 34 गुण घेतले. दुसऱ्यात नेपाळने 24 काढले. तिसऱ्या डावानंतर आपण 73, त्या 24. आता चौथा डाव, नेपाळची पाठलागाची शेवटची संधी. तिथं म्हैसूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली चैत्रा आणि तिच्या जोडीदारणी पळायला उतरल्या. त्या तुकडीने पाच मिनिटं चौदा सेकंद नेपाळला दमवलं. तीन मिनिटांच्या पुढे टिकलं की पळणाऱ्यांनाही गुण मिळतात, तसे पाच मिळाले. शेवट 78-40.

मला त्या सामन्यात आवडली ती ही पाच मिनिटं. 34 गुण घेणं दिसतं, टाळ्या पडतात. पळत राहणं, हुलकावणी देणं, खांबाला वळसा घालून परत फिरणं, यात कोणाला बाद केल्याचा आनंद नसतो. फक्त टिकायचं असतं. ज्या बाईने पावसाळ्यात आवणी करून घरी येऊन भाकऱ्या थापल्यात, तिला हे वेगळं सांगायला नको.

पण पाच मिनिटं अशी धावता येणारी पोरगी एका दिवसात तयार होत नाही. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी दोन तास लागतात. त्या दोन तासांत घरचं पाणी कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, अंधार पडल्यावर घरी कोण आणतं, हे पेपरात येत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत खेळले. बरी धावायचे. पुढं कॉलेज लांब, येणं-जाणं महाग, म्हणून खेळ सुटला. तेव्हा त्याचं कोणाला विशेष वाटलंही नाही, मलाही नाही.

आता एक परदेशातली गोष्ट सांगते. खेळ बास्केटबॉलचा. दहा फुटांवर कडं लावलेलं असतं, त्यात चेंडू टाकायचा. 1891 मध्ये अमेरिकेत हा खेळ निघाला तेव्हा तिथं कड्याऐवजी फळांची टोपली ठोकली होती. तिथल्या फिलाडेल्फिया शहराजवळ इमॅक्युलेटा नावाचं एक लहानसं मुलींचं कॉलेज होतं, ख्रिस्ती साध्वींनी चालवलेलं. 1967 मध्ये त्यांची व्यायामशाळा जळाली. 1970 मध्ये कॅथी रश नावाची तरुण बाई प्रशिक्षक म्हणून आली, पगार अख्ख्या वर्षाला 450 डॉलर. तिथल्या हिशोबानेही तो काहीच नव्हता.

1972 मध्ये तिकडं महिला कॉलेजांची 16 संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्या थोडंच आधी या पोरी वेस्ट चेस्टर नावाच्या संघाकडून 32 गुणांनी हरल्या होत्या. 16 संघांत त्यांचा क्रमांक लावला 15 वा. त्यात स्पर्धा लांब इलिनॉय राज्यात, विमानाने जावं लागणार, आणि कॉलेजकडे पैसे नाहीत. मग पोरींनी काय केलं? दात घासायचे ब्रश विकले. आपण पापड-कुरडया विकतो तसे.

जमलेल्या पैशांत अकरांपैकी आठ जणींचीच सोय झाली. आठ गेल्या. आणि अंतिम सामन्यात समोर कोण, तर तेच वेस्ट चेस्टर. 52-48 ने जिंकल्या. पुढे 1973 आणि 1974 लाही त्याच जिंकल्या. त्यांच्या सामन्यांना कॉलेजच्या साध्वी बादल्या बडवत बसायच्या, इतका दंगा की समोरचे वैतागायचे. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टेडियममध्ये त्यांचा सामना बघायला बारा हजारांच्या आसपास माणसं आली.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. त्या पहिल्या विजयानंतर तीनच महिन्यांनी, जून 1972 मध्ये, अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी म्हणून कोणाला डावलायचं नाही. खेळही त्यात आले. मग मोठ्या विद्यापीठांनी मुलींच्या संघांवर पैसा लावला, शिष्यवृत्त्या दिल्या. हे चांगलंच झालं, हजारो मुली खेळायला लागल्या. पण इमॅक्युलेटासारखं लहान कॉलेज त्या पैशापुढे मागं पडलं. 1975 आणि 1976 ला त्या अंतिम सामन्यात हरल्या, आणि पुढं तर तिथवर पोचणंही अवघड झालं.

मला मात्र ही गोष्ट वाचल्यापासून त्या आठ जणींपेक्षा राहिलेल्या तिघी जास्त आठवतात. सरावाला त्याही यायच्या. ब्रश त्यांनीही विकले असतील. आणि गाडीभाड्याला कमी पडलं म्हणून त्या घरी.

आपल्याकडं या तिघी कोण आहेत, सांगू? मागे उभ्या आहेत त्यांच्यातल्याच. भात निघालं की खाचरात या पोरी खो-खो खेळतात. पावसाळ्यात मैदानच नसतं. शनिवार-रविवारी लेण्यांकडं आणि धबधब्याकडं पर्यटक येतात, कणसं आणि भजीच्या गाड्यावर घरच्यांना त्यांचे हात लागतात, आणि स्पर्धा नेमक्या सुट्टीच्याच दिवशी असतात. तो रोजगार बुडवा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण वर्षातले चार-पाच रविवार बसवता येतील की नाही? एका घरची पोरगी खेळायला गेली तर गटातली दुसरी ताई दुपारपर्यंत गाड्यावर उभी राहू शकते. लग्नकार्यात आपण हे करतोच.

आणि पैसा. दर गटाने महिन्याला 50 रुपये वेगळे काढले तर एका गटाचे वर्षाला 600 होतात. दहा गटांचे 6,000. त्यात लोकलचं आणि एसटीचं भाडं, वडापाव-चहा, आणि ज्या पोरीकडं बूट नाहीत तिचे बूट निघतील. बचतीला हात लावायचा नाही, हे वेगळं ठेवायचं. कर्ज म्हणून द्यायचं नाही, वसुली नको. हिशोब रजिस्टरला स्वतंत्र पानावर लिहायचा, आणि कोणाला किती दिले ते बैठकीत वाचून दाखवायचं, म्हणजे 'हिची पोरगी गेली, माझी नाही' असं व्हायला नको. दहावी झालेल्या, कॉलेजला लोणावळा किंवा तळेगावला जाणाऱ्या मुलींना आधी द्या, कारण खेळ तिथंच सुटतो.

50 जड वाटत असतील तर 30 करा. ज्या गटाला जमणार नाही त्याने माणूस द्यावा, संध्याकाळी सात वाजता पोरींना मैदानावरून घरापर्यंत आणायला. दर दिवशी एक ताई, पाळीपाळीने.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या आणि ठराव लिहूनच उठा. अध्यक्ष ताईंशी मी बोलले आहे, त्या म्हणाल्या गटांनी आधी ठरवावं. मुलींची नावं मी वहीत लिहून आणलीत, अकराच आहेत. वही इथं टेबलावर ठेवते. जाताना बघून जा.