पडद्यामागचे दार : लिनक्स संगणकाविषयी एक दक्षता



शाळेत वा पंचायत कचेरीत संगणक आला की त्याच्या खोलीला कुलूप लावण्याची दक्षता घेतली जाते. परंतु संगणक जाळ्याला जोडला म्हणजे त्याला आणखी दारे लाभतात. त्यांस पोर्ट म्हणतात व ती क्रमांकांनी ओळखली जातात. ज्या दाराचा उपयोग नाही ते बंद असावे, हा घरचा नियम येथेही लागू पडतो.

लिनक्स प्रणालीच्या अनेक संगणकांवर खिडक्या व चित्रे पडद्यावर दाखविण्याचे काम एक्स सर्व्हर ही आज्ञावली करते. एक्स प्रणालीचा उगम १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. एका यंत्रावर चाललेले काम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसावे, अशी तिची योजना होती. त्यासाठी सर्व्हर जाळ्यावरून येणाऱ्या हाकेची वाट पाहत असे. पहिल्या पडद्याकरिता ६००० व दुसऱ्याकरिता ६००१ क्रमांकाच्या पोर्टवर.

या दारातून प्रवेश मिळालेला परका पडद्यावरील मजकूर पाहू शकतो, इतकेच नव्हे तर कळफलकावर टंकलेला परवलीचा शब्दही टिपू शकतो. शिवाय या मार्गाने जाणारी माहिती सांकेतिक रूपात नसते. प्रवेशास परवानगी लागते हे खरे. परंतु 'एक्सहोस्ट' या आज्ञेपुढे कोणी सोयीखातर नुसते अधिक चिन्ह दिले, तर ती परवानगी सर्वांनाच मिळते.

एक्स.ऑर्ग सर्व्हरच्या २०१५ मधील १.१७ आवृत्तीपासून हे दार मुळातच बंद ठेवले जाते. तथापि जुन्या आवृत्तीची यंत्रे व मुद्दाम दार उघडलेली यंत्रे तपासणे अगत्याचे आहे. 'एसएस' ही आज्ञा उघड्या पोर्टांची यादी दाखविते. तीत ६००० हा क्रमांक आढळल्यास सर्व्हर सुरू करणाऱ्या आज्ञेत 'नोलिसन टीसीपी' हा पर्याय घालावा. प्रवेशाचा पडदा जीडीएम दाखवीत असेल, तर त्याच्या सुरक्षाविषयक विभागात 'डिसअलाउ टीसीपी' यापुढे 'ट्रू' असे लिहावे. नंतर यंत्र पुन्हा सुरू करून यादी परत पाहावी.

यामुळे नेहमीची कामे अडतील, ही भीती अनाठायी आहे. त्याच संगणकावरील आज्ञावली सर्व्हरशी अंतर्गत मार्गाने बोलतात. त्यांना जाळ्यावरील पोर्ट लागत नाही. दूरच्या यंत्रावरील काम पडद्यावर आणणे आवश्यकच असेल, तर एसएसएच या मार्गाने ते सांकेतिक रूपात आणता येते. त्यासाठी ६००० चे दार उघडावे लागत नाही.

जडवस्तुसंग्रह नोंदवहीची पडताळणी दरवर्षी होतेच. त्या वेळी प्रत्येक संगणकासमोर पोर्ट-तपासणीचा दिनांक लिहिण्याची प्रथा पाडल्यास विद्यार्थ्यांच्या व ग्रामस्थांच्या नोंदींचे रक्षण होण्यास मोठे साहाय्य होईल.