कवडशातली धूळ

लहानपणी आमच्या घराचं एक कौल फुटलेलं होतं. दुपारी त्यातून कवडसा उतरायचा. अम्मी केर काढू लागली, की तो हात लावावा असा ठसठशीत उभा राहायचा. धूळ बसली, की नाहीसा व्हायचा. प्रकाश कशावर तरी पडला तरच दिसतो, हे मला केरसुणीनं शिकवलं.

हवेत चित्रं तरंगवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही हीच अडचण असते. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात तुपाक शकूर हा रॅप गायक गाताना दिसला. तो तर १९९६ मध्येच गोळीबारात मारला गेला होता! लोक त्याला होलोग्राम म्हणाले. पण ते होतं पारदर्शक पडद्यावरचं प्रतिबिंब. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपर यांनी तिरप्या काचेच्या साहाय्यानं असंच भूत रंगमंचावर आणलं, ते १८६२ मध्ये.

पडद्याशिवायचं चित्र अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात डॅनियल स्मॉली यांच्या गटानं काढलं. ते संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण त्यांनी लेसरच्या झोतात पकडला, वेगानं फिरवला आणि त्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकला. अंधारात उदबत्ती गरगर फिरवली, की वर्तुळ दिसतं ना, तसंच हे. चित्र अगदी चिमुकलं, पण वेगवेगळ्या बाजूंनी पाहता येणारं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या गटानं थर्माकोलचा दोन मिलिमीटरचा मणी आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर नाचवला. त्याच लहरी हाताला स्पर्शासारख्या जाणवतात. म्हणजे कवडशातल्या धुळीचा एकच कण, पण सांगितलेल्या वाटेनं धावणारा!

हे सगळं मी नातीला सांगत होतो. तिनं विचारलं, "नाना, मग यात तुमची अम्मी दिसेल?"

मी गप्प झालो. मी कॉलेजात असताना अम्मी गेली. तिनं कधी फोटो काढू दिला नाही. कण कितीही वेगानं धावला, तरी कोणत्या रेषेवरून धावायचं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. ती रेषा आता फक्त माझ्या आणि माझ्या बहिणीच्या डोळ्यांत आहे, आणि दरवर्षी थोडी पुसट होते आहे.

मी नातीला जवळ घेतलं. म्हटलं, "ऐक. कपाळ रुंद होतं. उजव्या भुवईवर तीळ. हसताना ती पदर तोंडाशी धरायची..."

तिनं डोळे मिटून घेतले.