वजन आपण ठरवायचं

२ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पुढच्या बैठकीत आमच्या बचत गटात विषय निघाला, या मुली वजनं उचलून ताकद कमावतात, मग आपण का नाही? एक मावशी लगेच म्हणाल्या, "आपण जन्मभर उचलतोच आहोत की! माशांची पाटी, पाण्याचा हंडा, गॅसची टाकी."

खरं आहे. पण हंड्याचं वजन आपण ठरवत नाही. भार मानेवर आणि कमरेवर येतो, दुखलं तरी थांबता येत नाही. व्यायामात वजन आपण ठरवतो, सोसेल तसं वाढवतो, मध्ये दम खातो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, स्नायूही उतरतात. मग जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते, तो यासाठीच.

आम्ही काही जणींनी वर्गणी काढून वजनाच्या व्यायामाचा बेंच घेतला. बचतीचे पैसे कर्जासाठी असतात, त्यांना हात लावला नाही. (यावर वाद झाला, पण ठीकच झालं.) गावठाणातल्या खोल्या लहान, म्हणून घडी होऊन खाटेखाली जाणारा निवडला.

बेंच म्हणजे लोखंडी पायांवरचा गादीचा बाक. पाठीची फळी पिन काढून वर-खाली करता येते. आडवी ठेवली की झोपून छातीसाठी वजन वर ढकलायचं. जवळजवळ उभी केली की पाठ टेकून खांद्यांचा व्यायाम होतो, कंबर सांभाळली जाते. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला तो ओढण्याचा व्यायाम. फळी आडवी, त्यावर एक गुडघा आणि एक हात, दुसऱ्या हाताने वजन कमरेपर्यंत ओढायचं. वाकून काम करणाऱ्या पाठीला हा हवाच. साठीच्या बायकांनी नुसतं बेंचवर बसून, हात न टेकता उठावं. दहा वेळा जमलं तरी पुष्कळ.

बसण्याआधी पिन खाचेत पूर्ण गेली आहे का, ते फळी दाबून बघा. बेंचच्या अगदी टोकावर बसू नका, तो उलटतो. त्याच्यावर लिहिलेल्या क्षमतेत आपलं वजन आणि उचलायचं वजन दोन्ही धरायची. फळी हलवताना सांध्यात बोटं सापडतात, म्हणून लेकरं लांब ठेवा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा.

सुरुवात एक-दोन किलोपासून. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे साधारण एक किलो. आठ ते बारा वेळा उचला. शेवटच्या दोन जड वाटल्या पाहिजेत. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. रक्तदाब, हृदयविकार, पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंग बाहेर येत असेल तर तेही सांगा, हे आपण लाजून लपवतो.

बेंच नसेल त्यांनी भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठ-बस आजच सुरू करावी.