दारं धरणारा माणूस



आज मला शोधांविषयी आणि यंत्रांविषयी बोलायचं आहे; पण सुरुवात एका हाकेपासून करतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सटाण्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात रात्री मुक्कामाला राहिलात, तर अपरात्री एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेलेली ही हाक तुम्हांला ऐकू यायचीच. ‘‘लाइट उनी का रे?’’ आमच्या बोलीत ‘उनी’ म्हणजे आली. घरातला दिवा कधीकधी लागलेलाच असे. चौकशी असायची ती थ्री फेजची, म्हणजे विहिरीवरची मोटार चालेल अशा विजेची. ती आली असं उत्तर मिळालं की माणूस उठायचा, डोक्याला मफलर गुंडाळायचा, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडं घेऊन मळ्याची वाट धरायचा. माझ्या वडिलांच्या आयुष्यातल्या कितीतरी थंडीच्या रात्री अशा गेल्या.

मळ्यात जाऊन करायचं काय? दारं धरायचं. ज्यांनी शेती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटानं पाणी येतं. वाफा भरला की त्याच्या तोंडाशी माती ओढून ते बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण माती किती प्याली, पाणी वाफ्याच्या टोकाला पोचलं का, उंदराच्या बिळातून ते शेजारच्या बांधात तर जात नाही ना, हे सगळं अंधारात कळावं लागतं. जाणकार माणसाला ते तळपायाला कळतं. चिखल पायाखाली कसा दबतो, यावरून तो सांगतो की आता पुरे.

पाणी देण्याचं हे काम आमच्या बागलाणात फार जुनं आहे. मोसम आणि आरम या आमच्या नद्या. या नद्यांवर आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे. हे तुकडे म्हणजे फड. एका फडात पाचपन्नास शेतकऱ्यांच्या जमिनी असल्या तरी पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, असं. पुढच्या वर्षी फेरपालट. एकच पीक का? तर सगळ्यांना पाणी एकाच वेळी, सारखंच लागावं म्हणून. भांडणाचं मूळच उपटून टाकलेलं! शिवाय शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. त्यासाठी गावानं पाटकरी नेमलेला असे. तो सगळ्यांच्या शेतांना क्रमानं पाणी देई आणि त्याबद्दल त्याला धान्य मिळे. पिकाच्या राखणीला जागल्या असे. पाट साफ करायच्या दिवशी घरटी माणूस हजर झालाच पाहिजे, असा दंडक होता.

या पद्धतीत यंत्र म्हणावं असं काही नाही. तरी मी तिला मोठा शोध मानतो. तिचा शोधकर्ता कुणालाच ठाऊक नाही. पण ती कशातून सुरू झाली असेल, हे ओळखणं अवघड नाही. पाण्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर कुऱ्हाडी घेऊन धावली असतील, आणि कुणीतरी शहाण्यानं म्हटलं असेल, ‘हे रोजचं झालं. काहीतरी रीत बसवू या.’

फडाच्या बाहेरच्या जमिनीला विहीर आणि विहिरीवर मोट. माझे आजोबा मोट हाकायचे. कातड्याची मोट, तिला जाड नाडा, सोंडेला बारीक सोल. बैलजोडी धावेवरून उताराला निघाली की मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. बैलांना उलट पावली पुन्हा विहिरीकडे आणायचं. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत हेच. एका मोटेमागं किती हात असत पाहा. मोट शिवायला चांभार, चाक आणि कणा करायला सुतार, नाडा वळणारा, मोट हाकणारा आणि खाली दारं धरणारा.

मग ऑइल इंजिन आलं, पाठोपाठ विजेची मोटार आली. बैल सुटले, आजोबा सुटले. चांभाराचं आणि सुताराचं विहिरीवरचं कामही सुटलं. पण त्यांना कुणी विचारलं नाही. मोटार जळली की ती बांधून देणारा वायंडर सटाण्यात बसू लागला. एकाचं काम गेलं, दुसऱ्याचं उभं राहिलं. मात्र ज्याचं गेलं त्यालाच ते मिळालं, असं झालं नाही. आणि वडिलांचं काय झालं? मोटेचे कष्ट गेले, पण मोट निदान आपल्या वेळेनं चालत होती. मोटार विजेच्या वेळेनं चालू लागली. शेतीपंपांना वीज मोजके तास, तीही पाळीपाळीनं, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. यंत्रानं हात मोकळे केले आणि झोप मागून घेतली.

आता ठिबकाकडे येतो. पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे आजच्या इस्राएलमध्ये स्थायिक झालेले सिम्चा ब्लास नावाचे पाण्याच्या कामातले अभियंते होते. १९३०च्या दशकात एका शेतकऱ्यानं त्यांना एक झाड दाखवलं. आसपासच्या झाडांपेक्षा ते खूपच मोठं झालं होतं आणि त्याला पाणी देताना तर कुणी दिसत नव्हतं. ब्लास यांनी शोध घेतला, तेव्हा जमिनीतल्या नळाचा जोड थेंबथेंब गळताना आढळला. गळका नळ! आपण काय केलं असतं? प्लंबर बोलावून जोड घट्ट केला असता. ब्लास यांच्या डोक्यात मात्र तो थेंब राहून गेला, आणि राहिला तो वीस-पंचवीस वर्षं. मधल्या काळात स्वस्त प्लास्टिक आलं. बारीक भोक पाडावं तर ते बुजतं आणि मोठं पाडावं तर धार लागते, ही अडचण होती. त्यांनी पाण्याची वाटच लांब आणि वळणावळणाची केली. भोक मोठं राहिलं आणि पाणी मात्र दमून, थेंबाथेंबानं बाहेर येऊ लागलं. १९६५ साली हत्झेरिम इथल्या किबुत्झच्या साथीनं ‘नेटाफिम’ ही कंपनी सुरू झाली आणि हा थेंब जगभर पोचला. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीनं तो खानदेशात आणि मग महाराष्ट्रभर रुजवला.

मला याचं नेहमी नवल वाटतं. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. झाडाच्या बुंध्याशी मडकं पुरून झाड जगवणारी माणसंही आपल्याकडे होती. थेंब आपल्याला अनोळखी नव्हता. पण देवळातला थेंब मळ्यात न्यायचा, दोन झाडांचं गणित दोन हजार झाडांना लावायचं, यासाठी त्याचा पिच्छा पुरवणारं माणूस लागतं, आणि जोडीला नवा माल लागतो. प्लास्टिक नसतं तर ब्लास यांचा थेंबही मनातच सुकून गेला असता.

आमच्या मळ्यात डाळिंबाला ठिबक आलं ते १९९४ साली. काळ्या नळ्या अंथरताना पाहून गावातली जाणती माणसं हसली. ‘पोरा, थेंबानं कुठं झाडाची तहान भागती?’ यात त्यांची चूक नव्हती. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हाही लोखंडानं जमीन विषारी होते असं म्हणणारे शेतकरी होतेच. ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर अवलंबून असतं, त्यानं नव्या वस्तूकडे संशयानं पाहावं, यात शहाणपणच आहे.

हसले नाहीत ते आमचे सालदार. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पंधरा वर्षं त्यांनी आमच्याकडे दारं धरलं होतं. पायाला पाणी कळणारा माणूस म्हणून मघाशी सांगितलं, ते त्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच. फिटरनं पहिल्यांदा व्हॉल्व्ह फिरवला, सगळ्या झाडांखाली एकदम ओले ठिपके उमटले, आणि मामांनी फावडं बांधावर टेकवून मला विचारलं, ‘‘भाऊ, मंग आता मी काय करू?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ‘व्हॉल्व्ह सांभाळा’ असं काहीतरी बोललो. पहिले काही महिने ते अवघडल्यासारखे वावरत. मग एक दिवस त्यांनीच मला हाताला धरून शेवटच्या ओळीकडे नेलं. टोकाची झाडं मलूल होती. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरला होता. मी व्हॉल्व्ह उघडला की काम झालं, असं समजत होतो. मामांनी आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून धुवायला सुरुवात केली. फिल्टर कधी तुंबला, हे ते घड्याळातल्या काट्याआधी आवाजावरून सांगत. आम्लाचं पाणी कधी सोडलं, खत कधी दिलं, याच्या खुणा मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं करून ठेवत. शाळा न शिकलेल्या माणसाची ती नोंदवही होती. पायातली विद्या कानात आणि डोळ्यांत गेली.

गोष्ट इथं संपवली तर ती छान वाटेल. पण पुढचं सांगितलं पाहिजे. मामांचं काम बदललं, जोखमीचं झालं. मजुरी मात्र मी तीच ठेवली. माझ्या मते काम हलकं झालं होतं. अंगमेहनत कमी झाली म्हणजे कामाची किंमत कमी झाली, असा माझा सरळ हिशेब. दोन हंगाम गेले आणि मामा एके दिवशी दुसऱ्या मळ्यावर निघून गेले. तिथं त्यांना ठिबक सांभाळणारा माणूस म्हणून ठेवून घेतलं होतं. त्या वर्षी बहार धरल्यावर ऐन फुलोऱ्यात आमच्या अर्ध्या नळ्या तुंबल्या, तेव्हा मला त्यांच्या कामाची किंमत कळली. आणखी एक सांगायचं राहिलं. पूर्वी पाण्याच्या दिवसांत मामांच्या हाताखाली आणखी दोघं असत. ठिबक आल्यावर त्यांची गरज उरली नाही. त्यांतला एक नाशकाला बांधकामावर गेला. दुसऱ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. मोटेच्या चांभाराला आजोबांनी विचारलं नव्हतं, त्यातलाच प्रकार.

पुढे आमच्या कसमादे पट्ट्यात तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा झोडपल्या. आमचीही बाग काढावी लागली. तेव्हा नळ्या गुंडाळताना मामा मदतीला आले होते, मजुरी न घेता.

रात्रीच्या हाकेचं मात्र ठिबकानं काही झालं नव्हतं. मोटार सुरू करायला जावंच लागे. त्यावरचा तोडगा पुण्यात निघाला. संतोष ओस्तवाल हे तिथले अभियंते. पंप सुरू करण्यासाठी आपल्या म्हाताऱ्या आजोबांना करावी लागणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. ती मनात धरून त्यांनी बरीच वर्षं खटपट केली आणि मोबाइल फोन आल्यावर ‘नॅनो गणेश’ नावाचं उपकरण तयार केलं. ते स्टार्टरला जोडायचं. घरून फोन केला की मोटार चालू, पुन्हा फोन केला की बंद. वीज आहे की नाही, हेही फोनवरच कळतं. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आता अशी उपकरणं अनेकजण करतात. आमच्या गावात रात्रीची ती हाक आता क्वचितच ऐकू येते. माझा मुलगा अंथरुणातून मोटार चालू करतो. आजोबांनी पाहिलं असतं तर त्यांना ती भुताटकी वाटली असती.

आता या गोष्टी एकाशेजारी एक ठेवून पाहा. ब्लास यांना ते झाड एका शेतकऱ्यानं दाखवलं. ओस्तवालांनी आजोबांचे कष्ट पाहिले. शोध प्रयोगशाळेत पुरा होत असेल, पण सुरू होतो तो कुणाच्या तरी त्रासापाशी. ज्याला त्रास होतो त्याच्या हाती बहुधा साधनं नसतात आणि ज्याच्या हाती साधनं असतात त्याला तो त्रास दिसत नाही. ही दोघं एका घरात, निदान एका बांधावर भेटावी लागतात. अभियंता झालेल्या नातवाला आजोबा होते, म्हणून मोटार फोनवर चालली.

म्हणूनच शेवटी तुम्हांला आमच्या कांद्याच्या शेतात नेतो. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. सकाळच्या बोचऱ्या थंडीत, ओल्या वाफ्यात अनवाणी, बाया ओळीनं वाकून रोपं लावत जातात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या बोटांनी एकेक रोप मातीत खोचायचं. दिवसाकाठी हजारो वेळा. पाणी देणाऱ्या पुरुषाचे कष्ट तीन पिढ्यांत मोटेपासून मोबाइलपर्यंत आले. रोप लावणाऱ्या बाईची कंबर मात्र तिच्या आजीइतकीच वाकलेली आहे. कांदा लागवडीची यंत्रं निघाली आहेत; पण आमच्या बांधावर लागवड अजून बहुतेक हातानंच होते.

त्या बायांची नातवंडं आता सटाण्याला, नाशिकला शिकायला जातात. त्यांतलं एखादं जानेवारीत घरी येईल आणि आजीला वाकलेली पाहील. त्याच्या डोक्यात काही आलं, तर त्याला हसू नका, एवढीच विनंती. आणि ते यंत्र आमच्या शेतात उतरेल त्या दिवशी, कंबर ताठ करून उभ्या राहिलेल्या त्या बाया विचारतील, ‘मग आता आम्ही काय करायचं?’ मामांनी विचारलं तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं. या वेळी ते आधीच शोधून ठेवायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)