आधी आठवा, मग उलटा



इंग्रजी शब्दांची यादी रात्री पाठ होते…
आणि सकाळी निम्मी विसरलेली असते.
दोष तुमच्या डोक्याचा नाही. यादीचा आहे.

जर्मनीत सेबास्टियन लाइटनर नावाचे पत्रकार होते.
1972 साली त्यांनी पुस्तकातून लक्षात ठेवायची एक सोपी रीत मांडली.

कार्डावर शब्द लिहा. मागे अर्थ.
खोक्यात कप्पे करा; सगळी कार्डं आधी पहिल्या कप्प्यात.
आधी अर्थ आठवायचा… मगच कार्ड उलटायचं.
आठवला? कार्ड पुढच्या कप्प्यात.
तो कप्पा काही दिवसांनी उघडायचा.
नाही आठवला? कार्ड पहिल्या कप्प्यात.
तो मात्र रोज उघडायचा.

विकतची कार्डं नकोत हं! जुन्या लग्नपत्रिका कापा.
कप्प्यांसाठी चपलांचं खोकं चालेल.

अर्थाखाली एक वाक्यही लिहा.
'बॉरो' म्हणजे उसनं घेणं. 'लेंड' म्हणजे उसनं देणं.
आपल्याकडे दोन्हींत 'उसनं' येतं, म्हणून हमखास घोटाळा होतो.
मी मैत्रिणीकडून पेन 'बॉरो' करते… ती मला पेन 'लेंड' करते.
वाक्यात कोण देतं, कोण घेतं, ते स्पष्ट दिसतं.

पुन्हा सांगते.
आधी आठवा… मग उलटा.
नुसतं वाचत बसलात, तर शब्द ओळखीचा वाटतो; पेपरात मात्र आठवत नाही.

आज पाचच कार्डं करा.
शब्द तुमच्या धड्यातलेच घ्या.